तुझ्या यादीत दोस्त कुठाय?

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, तीन पानी होतं):

"दादा, मी कोल्हापुरात जॉबला आहे, कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून ग्रुपमध्ये सगळे मलाच विचारतात. माझा दोस्त इचलकरंजीचा, घरचेच माग आहेत, दोन वर्षं पैसे साठवलेत आणि आता त्याला गेमिंग पीसी घ्यायचाय. बजेट ८० हजार, सगळं मिळून. खेळतो व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह, पुढं जीटीए सिक्स पण चालला पाहिजे म्हणतो. स्क्रीन भावाच्या ऑफिसमधली जुनी पडून आहे. मी यादी काढलीय: रायझन ७ ७७००, वायफायवाला बी ६५० बोर्ड, २४० चा लिक्विड कूलर, ३२ जीबी आरजीबी रॅम, ७५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस, सहा फॅनचं काचेचं कॅबिनेट, ५०० जीबी एसएसडी आणि उरलेल्यात आरटीएक्स ३०५० ६ जीबी, कार्ड नंतर बदलू. तिथल्या दुकानदारानं वेगळंच कोटेशन दिलंय, आय सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स, ४५ हजार फक्त. दोस्त म्हणतो तूच ठरव, मला काय कळत नाही. उद्या काय बिघडलं तर शिव्या मलाच. काय करू?"

भावा, तुझी यादी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळेला मला त्यात तूच दिसलास, दोस्त कुठं दिसलाच नाही. लिक्विड कूलर तुला पाहिजे, गोल्ड एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) तुला पाहिजे, काचेतनं लाइटी तुला बघायच्यात. राग मानू नको, मी स्वतः हे केलंय, मावसभावाच्या पैशानं मला हवा तसा बोर्ड घेतला होता, त्यावरच्या चार स्लॉटपैकी तीन आजपर्यंत कुणी वापरले नाहीत आणि त्याला ते माहीतही नाही.

आधी दुकानदाराचं कोटेशन, ते लवकर संपेल. "आय सेव्हन" एवढंच सांगितलं तर काहीच सांगितलं नाही असं समज, पूर्ण नंबर विचार. ४५ हजारात ग्राफिक्स कार्डासकट जो आय सेव्हन बसतो तो बहुतेक ४७७० किंवा त्याच्या आसपासचा निघेल, म्हणजे २०१३ सालचा, चार कोरचा (कोर म्हणजे काम करणारे आतले भाग), जुन्या डीडीआर ३ रॅमवाला माल, कुठल्यातरी ऑफिसमधनं निघालेला, नवीन कॅबिनेटमध्ये घालून पुसून ठेवलेला. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही (इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे लागतात) आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आजचा साधा आय ५ १२४००एफ त्याला गेममध्ये सहज मागं टाकतो. दुकानदाराशी भांडू नको, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागव की प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय, बोर्डचा काय, एसएमपीएस कुठल्या कंपनीचा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर.

आता तुझ्याकडं वळू. तू सुरुवात प्रोसेसरपासून केलीस, सगळे तिथूनच करतात, पण सुरुवात स्क्रीनपासून करायची असते. भावाच्या ऑफिसमधली ती जुनी स्क्रीन मागच्या बाजूनं बघितलीस का? नसशील तर फोटो मागव. निळ्या रंगाचं, दोन बाजूला स्क्रू असलेलं व्हीजीए केबलचं भोक एवढंच असेल तर आजच्या कुठल्याच नवीन कार्डाला ते भोकच नाही, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. कन्व्हर्टर मिळतो, लावताही येतो, पण ती स्क्रीन ६० हर्ट्झची असणार, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, मग कार्डानं आतून २५० चित्रं काढली तरी दोस्ताच्या डोळ्यापुढं ६० च येणार. व्हॅलोरंट खेळणाऱ्या माणसाला ८० हजाराचा पीसी देऊन ६० हर्ट्झवर बसवणं म्हणजे बुलेट घेऊन गल्लीतच फिरवणं.

म्हणून पहिले दहा-बारा हजार बाजूला काढ, २४ इंची, १०८० पी, आयपीएस पॅनेलची, १४४ किंवा वरच्या हर्ट्झची स्क्रीन. हे पैसे तुझ्या यादीत धरलेलेच नाहीत. म्हणजे स्क्रीन सोडून पीसीच्या डब्यासाठी उरले ६८-७० हजार.

या पैशातनं सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा, चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि तुझ्या यादीत ते उरलंसुरलं म्हणून आलंय. त्यात पण ३०५० ६ जीबी. हे नाव फसवं आहे बघ. ३०५० आधी ८ जीबीचं आलं होतं, २०२४ मध्ये त्याच नावानं ६ जीबीचं आलं, आणि त्यात नुसती मेमरी कमी नाही, आतले कोअरही कमी केलेत आणि मेमरीचा रस्ताही १२८ बिटवरनं ९६ बिटवर आणलाय. ७० वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, ऑफिसच्या जुन्या पीसीत टाकायला छान आहे. पण त्याच्याशेजारी रायझन ७ आणि लिक्विड कूलर म्हणजे वरातीला सजवलेला घोडा आहे आणि नवरदेव रिक्षातनं आलाय.

"कार्ड नंतर बदलू" हे वाक्य तर मी गेली दहा वर्षं ऐकतोय. कोण बदलतं? पैसे साठवायला दोस्ताला दोन वर्षं लागली, पुढच्या वर्षी घरी काय खर्च निघेल काय सांगावं, बहिणीचं लग्न निघेल, मागाची मोटर जळेल. आपल्याकडं पीसी एकदा घेतला की पाच-सहा वर्षं तसाच चालतो आणि मग सगळाच नवीन येतो. त्यामुळं आज चांगलं कार्ड घे, बाकीचं त्याला पुरेल एवढंच.

कार्ड कुठलं, तर १०८० पी ला आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, यातलं जे बजेटात बसेल ते. ५०६० फक्त ८ जीबीत येतं. ९०६० एक्सटी ८ आणि १६ अशा दोन्हीत येतं, नाव तेच, त्यामुळं बिलावर किती जीबी ते लिहून घ्यायचं. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्हला ८ जीबी भरपूर झालं, पण नवीन मोठे गेम टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची बारीक नक्षी) फुल केले की १०८० पी लाही ८ जीबी भरून टाकतात आणि मग खेळताना मध्येच अडकल्यासारखं होतं. १६ वालं दोन-चार हजारानं वर जात असेल आणि ते पैसे बोर्डातनं किंवा कॅबिनेटातनं निघत असतील तर मी डोळे झाकून १६ घेईन. नसतील निघत तर ८ घे आणि टेक्स्चर एक पायरी खाली ठेवायला सांग, कुणी मरत नाही त्यानं.

जीटीए सिक्सचा विषय दोस्ताच्या डोक्यातनं काढ. जीटीए फाइव्ह कन्सोलवर आला सप्टेंबर २०१३ मध्ये आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये, दीड वर्षाहून जास्त गॅप. जो गेम पीसीवर आलेला नाही त्याच्यासाठी आज कार्ड घेऊन ठेवणं म्हणजे पोरगी बघायच्या आधी मांडव घालणं.

प्रोसेसर. इथं एक गोष्ट तुझ्या बाजूनं बोलतो, व्हॅलोरंट हा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त जोर देतो, त्यामुळं प्रोसेसर अगदीच फालतू नको हे तुझं बरोबर आहे. पण त्यासाठी आठ कोर लागत नाहीत, रायझन ५ ५६०० सारखा सहा कोरचा सुद्धा त्याला १४४ च्या बराच वर नेतो. आता एएम ४ (बोर्डवर प्रोसेसर बसायची जुनी जागा, म्हणजे सॉकेट) वर ५६०० घ्यायचा की एएम ५ या नवीन सॉकेटवर ७५००एफ किंवा ७६००? दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर एएम ५ म्हणालो असतो, त्या सॉकेटवर नवीन प्रोसेसर २०२७ पर्यंत आणि पुढंही येत राहतील असं एएमडीनं सांगितलंय. पण एएम ५ ला डीडीआर ५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की विचारू नको. एआयच्या सर्व्हरना मेमरी पाहिजे, कंपन्या माल तिकडं वळवतायत, डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं आपला क्रुशल ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं, तीच क्रुशल जी आपण वर्षानुवर्षं स्वस्त आणि मस्त म्हणून घेत आलो. डीडीआर ४ पण महागलीय, पण तिथं निदान जुन्यात मिळते, रॅम फारशी बिघडत नाही, दोस्ताच्या कुणा ओळखीच्याकडं ३२०० वेगाच्या दोन ८-८ जीबीच्या पट्ट्या पडून असतील तर थेट उचल.

म्हणून माझं मत, ५६००, बी ५५० बोर्ड, १६ जीबी दोन पट्ट्यांत. इंटेल आवडत असेल तर १२४००एफ आणि डीडीआर ४ वाला बी ७६०. दोन्ही कोटेशनं घे, त्या आठवड्यात जे स्वस्त पडेल ते. एएम ५ त्याच पैशात कार्डाला हात न लावता बसत असेल तर आनंदच आहे, पण कार्ड कापून एएम ५ नको.

आता इथं दुकानात काय होतं ते नीट वाच, कारण हे तुझ्यासमोर होणार आहे. तू ५६०० मागितलास की काउंटरवरचा म्हणेल, "५६०० संपलाय, ५६००जी घेऊन जा, तेच आहे, उलट यात ग्राफिक्स आतच आहे." तेच नाहीये. ५६०० ला ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, ५६००जी ला १६, आणि गेमला ती कॅश लागते. शिवाय ५६००जी कार्डाशी पीसीआय जेन ३ (कार्ड आणि प्रोसेसरमधला जुना, हळू रस्ता) नं बोलतो, ५६०० जेन ४ नं. ५०६० सारखं कार्ड सोळाच्या जागी आठच लेन वापरतं, त्यामुळं तिथं हा फरक आणखी टोचतो. ५५०० चं पण तसंच, तीच कॅश तेच जेन ३, फक्त आत ग्राफिक्स पण नाही. बी ५५० ऐवजी बी ४५० देत असेल तर तोही जेन ३. एक अक्षर, एक आकडा, आणि माल वेगळा. डब्यावरचा नंबर स्वतः वाचायचा, बिलावरचा वेगळा वाचायचा.

लिक्विड कूलर काढून टाक, ५६०० च्या डब्यात फॅन येतो, काम चालतं, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसणार असेल तर दीड-दोन हजाराचा साधा टॉवर कूलर घाल. एसएसडी मात्र ५०० ची नको, जीटीए फाइव्ह एकटाच १०० जीबीच्या वर जागा घेतो, विंडोज, व्हॅलोरंट, अजून एखादा गेम, झालं, लाल पट्टी दिसायला लागली. १ टीबी एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी) घे, साधी जेन ३ असली तरी गेममध्ये फरक कळत नाही.

एसएमपीएस. ७५० गोल्डची गरज नाही, हा सगळा संसार फुल लोडवर ३०० वॉटच्या आसपास खेळतो, ५५० वॉटचा चांगल्या कंपनीचा ब्राँझ पुरतो. पण "चांगल्या कंपनीचा" हे शब्द गिळू नको. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो एसएमपीएस नाही, ती शोभेची वस्तू आहे. आणि ब्राँझ-गोल्ड म्हणजे वीज किती वाया जाते त्याचं माप, सुरक्षिततेचं नाही, त्यामुळं नुसता शिक्का बघून घेऊ नको, पाच वर्षं वॉरंटी आहे का बघ.

आणि वीज हा खरा विषय आहे, पार्टच्या यादीत कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. दोस्ताच्या घरी माग आहेत. मागाची लाइन आणि घराची लाइन वेगळी आहे का विचार, कारण मोटर सुरू होताना जोरात करंट ओढते आणि व्होल्टेज क्षणभर बसतं. दुसरं अर्थिंग. अनवाणी पायानं चालू पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर बोटाला झिणझिण्या आल्या किंवा कॅबिनेटच्या स्क्रूवर टेस्टर मंद पेटला तर पीसी खराब नसतो, घराचं अर्थिंग गेलेलं असतं. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधनं थोडा करंट बॉडीवर येतोच, अर्थिंग असेल तर जमिनीत जातो, नसेल तर तुझ्या बोटात येतो. पीसी यायच्या आधी वायरमन बोलावून ते करून घ्या, त्यातले पैसे पीसीच्या बजेटातनं गेले तरी चालेल. यूपीएस घ्यायचा असेल तर ऑफिसात असतो तो ६०० व्हीएचा नको, तो साधारण ३६० वॉटचाच असतो, गेम चालू असताना लाइट गेली की नुसता ओरडून बंद पडेल. ११०० च्या आसपासचा घे, तोही खेळायला नाही, सेव्ह करून बंद करायला.

रुई विसरलास तू. इचलकरंजीत माग असलेल्या घरात कापसाचे बारीक तंतू कुठं जातात बघितलंयस ना, पंख्याच्या पात्यावर, खिडकीच्या जाळीवर, फोडणीच्या डब्यावर पण. तुझ्या त्या सहा फॅनच्या काचेच्या कॅबिनेटनं सहा महिन्यांत एक उशी भरेल. पुढं जाळी असलेलं, आणि जाळीमागचा फिल्टर हातानं ओढून निघतो असं साधं कॅबिनेट घे, दोन फॅन आत ओढणारे एक बाहेर टाकणारा, बस. डबा जमिनीवर ठेवायचा नाही, टेबलावर. कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते का तेवढं मोजून घे, मिलिमीटरमध्ये दोन्हीकडं लिहिलेलं असतं.

जोडायच्या दिवशीचं थोडं सांगतो. माझ्याकडनं एकदा असं झालं की मित्राचा पीसी जोडून दिला, जेवलो, घरी आलो, आणि आठ दिवस तो रोज फोन करायचा, गेम अडकतोय, तू काय घेऊन दिलंस. ड्रायव्हर काढून टाक, परत टाक, विंडोज परत टाक, सगळं सांगून झालं. शेवटी रविवारी चाळीस किलोमीटर गाडी मारत गेलो, मागं वाकून बघितलं तर एचडीएमआयची केबल मदरबोर्डला. कार्ड आत नुसतं बसून होतं, मोकळं. त्याच्या प्रोसेसरला आतलं ग्राफिक्स होतं म्हणून चित्र तरी आलं, ५६०० ला ते नाही म्हणून दोस्ताला काळी स्क्रीन दिसेल, उलट बरंच आहे. केबल कार्डाला लावायची, खालच्या आडव्या पोर्टना. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, ऑन, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ नाहीतर २६६६ वर रांगत बसते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ हातानं १४४ करायचे, नवीन स्क्रीन घेऊन वर्षभर ६० वर खेळणारी माणसं मी बघितलीत. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सेक्युअर बूट या दोन सुरक्षेच्या सेटिंग चालू लागतात, तेही बायोसमध्येच, एरर आला की घाबरू नको. आणि एएम ५ घेतलंच तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं काळी स्क्रीन राहते, रॅम जुळवून घेत असते, मी त्या वेळात सगळा पीसी परत उघडला होता, तू चहा घे.

राहिला शिव्यांचा प्रश्न. पैसे तुझ्या खात्यातनं जाऊ देऊ नको, दोस्तानं स्वतः द्यायचे, पक्कं जीएसटीचं बिल त्याच्या नावावर, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर, पार्टचे रिकामे डबे माळ्यावर. वॉरंटीला बिल लागतं आणि तू नेहमी कोल्हापुरातच असशील असं नाही. जोडताना त्याला शेजारी बसव, निदान रॅम आणि एसएसडी त्याच्या हातानं लावू दे, फिल्टर काढून झटकायला त्यालाच शिकव. "तूच ठरव" म्हणाला तरी त्याला दोन यादी दाखव, एक १६ जीबी कार्ड आणि साधं कॅबिनेट, दुसरी ८ जीबी कार्ड आणि थोडा बरा कूलर वगैरे, आणि म्हण यातली एक तू सांग. काय कळत नाही म्हणतो पण पैसे साठवलेल्या माणसाला कुठं खर्च करायचे ते बरोबर कळतं. कॅबिनेटचा रंग तर पूर्ण त्याचा. काळं म्हणाला तर पांढरी रुई त्यावर उठून दिसेल एवढं एकदा सांग, दुसऱ्यांदा सांगू नको.